हत्तीच्या पुलाचा पाया

जंगलात काँक्रीट नुकतंच पोचलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. हत्तीला ओढ्यावर पूल हवा होता. खांब उभारायचं काम घूसमावशीकडे आलं. पूल कोसळला असता तर तिच्याच पिल्लांच्या बिळावर कोसळला असता.

"दादासाहेब, वजन किती तुमचं?"

"असेल रेड्याएवढं. पाया लहानच ठेव."

"मग खांबाच्या जागी जरा एका पायावर उभे राहा."

हत्ती ऐटीत उभा राहिला आणि गुडघ्यापर्यंत रुतला.

"माती मऊ आहे," तो पुटपुटला.

"तिला तुम्ही रेडा वाटला नाहीत," म्हणत मावशीने पायाची आखणी चौपट रुंद केली.

"मावशी, एवढा पाया बघून सगळे हसतील गं."

"पाया मातीखाली जातो, दादासाहेब. वर नुसता बारीक खांब दिसेल."

हत्ती खडी वाहू लागला.