मोल विचारणारी राजकन्या

एका राज्यात मेल्या माणसाचा निरोप मोठ्या थाटाचा होत असे. तिथे कालकेतू नावाचा जादूगार राही. कुणाच्या घरी माणूस गेलं, की हुंदका फुटायच्या आत तो दारात उभा. वस्त्र शुभ्र, बोलणं मधाचं. म्हणे, "तुम्ही फक्त रडा. बाकीचं आमच्यावर सोपवा." मोल कुणी विचारत नसे, आणि तोही सांगत नसे. दुःखात भाव कोण करतो?

पण दिवस उलटले, की त्या घरातून काहीतरी नाहीसं होई. भांडं नव्हे, दागिना नव्हे. राजकन्या शाल्मलीची आई गेली, तेव्हा सगळं कालकेतूनंच केलं होतं. राणी फार सुरेख गाई, असं सारे सांगत. पण तिच्या गाण्याची एकही ओळ कुणाला आठवत नसे. राजा संध्याकाळी गवाक्षाशी कान देऊन बसे, आणि मान हलवून उठे.

पुढे राजाही गेला. शाल्मली त्याच्या पायांशी बसली होती, तेव्हा गवाक्षात एक साळुंकी उतरली.

"राजकन्ये, कालकेतू निघाला आहे. त्याला एक शाप आहे, ठाऊक आहे? त्याला खोटं बोलता येत नाही."

"मग आजवर हे कुणाला कळलं कसं नाही?"

"त्याला कुणी काही विचारलंच नाही," साळुंकी म्हणाली, आणि उडून गेली.

कालकेतू आला. "चंदनाची चिता रचतो. ज्वाळेला केवड्याचा गंध येईल."

शाल्मलीनं डोळे पुसले. "मोल काय?"

सारे चपापले. राजाची थोरली बहीण, आत्याबाई, तिच्या कानाशी लागली. "अगं, बापाच्या चितेपाशी भाव करतेस? हा काय भाजीबाजार आहे?"

लाजेनं शाल्मलीचे कान तापले. तरी ती कालकेतूकडेच पाहत राहिली.

"राजाचं हसू," तो कसाबसा म्हणाला. "ते पुन्हा कुणाला आठवणार नाही."

"मग नको."

ही गोष्ट नगरात पसरली. घराघरातून एकेक लाकूड आलं. कुणी आंब्याची फांदी आणली, कुणी मोडक्या नांगराचा दांडा. चिता वेडीवाकडी झाली, पण झाली.

"निदान माझे वाहक घ्या," कालकेतू म्हणाला. "ते थकत नाहीत, अडखळत नाहीत."

"मोल काय?"

"ज्या खांद्यावर बसून तू जत्रा पाहिलीस, तो खांदा तुला आठवणार नाही."

"मग नको," म्हणत शाल्मलीनं तिरडीला आपला खांदा लावला.

"हट्टी बापाची हट्टी पोर!" आत्याबाई पुटपुटल्या. पण त्यांनी पदर खोचला आणि दुसरा खांदा दिला. ते पाहून लोक धावले. मग वाटेत खांद्याला तोटा पडला नाही.

दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड मांडला. कावळा येईना. येणार कुठून? राज्यातले सारे कावळे कालकेतूच्या पिंजऱ्यांत होते. ऊन डोक्यावर आलं. तेव्हा तो सोन्याचा पिंजरा घेऊन आला.

"हा क्षणात शिवेल. राजाला ताटकळत ठेवू नका."

"मोल काय?" शाल्मलीनं तिसऱ्यांदा विचारलं.

"राजाचा आवाज."

शाल्मलीला रोजची हाक आठवली. राजा दिवेलागणीला आतूनच हाक मारी, "शालू, दिवा लावलास का?" एवढंच तर होतं. पण तेवढंच तिच्यापाशी उरलं होतं.

"नको," ती म्हणाली.

"पोरी, माझा भाऊ तिष्ठतोय गं," आत्याबाई रडकुंडीला आल्या. मग जुनं काहीतरी आठवल्यासारख्या थांबल्या. "पूर्वी कावळा शिवला नाही, तर गेलेल्याला विचारत, तुझं काय राहिलं म्हणून. याचे कावळे झटकन शिवू लागले, आणि विचारायचंच राहून गेलं."

शाल्मलीनं हात जोडले. "आबा, तुमचा लंगडा हत्ती मी सांभाळीन."

पिंजऱ्यातला कावळा हलला नाही.

"आबा, अर्धं राहिलेलं तळं मी पुरं करीन."

पंख मिटलेलेच.

मग तिला गवाक्षाशी कान देऊन बसलेला राजा आठवला. "आबा, आईचं गाणं मी शोधून आणीन. आणि ज्याच्या घरून जे गेलं, ते त्याच्या घरी पोचवीन."

कावळ्यानं पंख उघडले. सोन्याचे गज वाळल्या गवतासारखे मोडले. तो पिंडाला शिवला, त्यानं चोच वर केली, आणि चोचीतून राणीचं गाणं आलं. तिकडे कालकेतूच्या वाड्यातले सारे पिंजरे फुटले. कावळे घरोघरच्या कौलांवर बसले, आणि ज्याचं त्याला देऊन मोकळे झाले. आत्याबाईंना त्यांच्या गेलेल्या यजमानांचं घोरणं परत मिळालं. "हेच ते मेलं घोरणं!" म्हणाल्या, आणि वाळूत बसून पोटभर रडल्या.

कालकेतूची जादू सरली. साध्या म्हाताऱ्यासारखा तो उभा होता. "मला याचं काय मोल पडेल?" त्यानं विचारलं.

"ज्याला कुणी नाही, त्याला खांदा द्यायचा," शाल्मली म्हणाली. "मागाहून काही मागायचं नाही."

शाल्मली राणी झाली. त्या राज्यात रीत पडली, की दुःखाच्या घरी मोल शेजाऱ्यानं विचारायचं, मोठ्यानं आणि आधी. घरच्यांनी फक्त रडायचं.

संध्याकाळी राणी गवाक्षाशी बसे, आईचं गाणं गुणगुणे. दिवेलागण झाली, की आतून ओळखीची हाक येई. ती उठे आणि दिवा लावी.

तिच्या कानी जे राहिलं, ते तुमच्याही कानी राहो.