हौशीरामने न वाचलेली नावं

एका गावात एक दूध डेअरी होती आणि त्या डेअरीत एक कॉम्प्युटर होता. दूध फार दिवस ठेवलं तर नासतं. कॉम्प्युटर नासत नाही. त्याला अपडेट येतं.

अपडेट यायचं म्हटलं की गावाला दोन दुखणी लागायची, आधी आशा आणि मग तक्रार. महिनाभरात नवं अपडेट येणार असं पडद्यावर दिसलं, तेव्हा डेअरीचे चेअरमन म्हणाले, आता प्रिंटर चालू होईल. मागच्या अपडेटपासून प्रिंटर मुका झाला होता आणि लोकांना दुधाची पावती मिळत नव्हती. कुणी म्हणालं, अक्षरं मोठी करा म्हणावं. कुणी म्हणालं, ऐन दुधाच्या वेळेला पडद्यावरचं ते गोल गोल फिरणं थांबवा, वीस माणसं किटल्या धरून ताटकळतात. एका म्हाताऱ्याची तक्रार होती की कोपऱ्यात हवामान कशाला दाखवता, आभाळ आम्हाला दिसतं. कॉम्प्युटरच्या कंपनीने सूचना मागवल्या होत्या, म्हणून हे सगळं कळवलं. पडद्यावर उत्तर आलं, आपले आभारी आहोत. आभार मानणारा ऐकतोच असं नाही.

अपडेट आलं. प्रिंटर मुका तो मुकाच. अक्षरं होती तेवढीच. पडद्यावरच्या चौकोनांचे कोपरे तेवढे गोल झाले आणि डावीकडचं बटण मध्ये येऊन बसलं. लोकांनी दोन दिवस शिव्या दिल्या. मग दमले आणि पुढच्या अपडेटची वाट बघायला लागले.

डेअरीचा सचिव होता हौशीराम. दूध तोच मोजायचा, फॅटही तोच काढायचा आणि कॉम्प्युटरवर आकडेही तोच भरायचा. पडद्यावर प्रत्येकाच्या नावाचा एक पिवळा फोल्डर होता. त्या गावात रांगेतल्या जागासुद्धा वडिलोपार्जित. रोज तीच माणसं, त्याच क्रमाने. म्हणून हौशीरामने फोल्डरही त्याच क्रमाने मांडले होते. पहिला माणूस आला की पहिला फोल्डर, दुसरा आला की दुसरा. नाव वाचायचं कामच नाही. डोळे बांधून बसवा, चुकायचो नाही, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा.

अपडेटने ते फोल्डर उचलून बाराखडीप्रमाणे लावून टाकले. हौशीरामने गोल झालेले कोपरे पाहिले, त्यावरून चार शिव्याही घातल्या. नावं काही पाहिली नाहीत. दहा दिवस तो जागा बघून आकडे भरत राहिला.

दर दहा दिवसांनी ज्याच्या दुधाला फॅट कमी, त्याचं नाव डेअरीच्या फळ्यावर लिहायची रीत होती. फळ्यावर नाव म्हणजे दुधात पाणी, एवढं गावाला कळायचं. ते नाव नेहमी गुलाबचं असायचं. गुलाबचा हात पाण्याला सैल, आणि त्याला त्याची लाजही नव्हती. पण या खेपेला फळ्यावर नाव लागलं चांगुणाबाईचं.

चांगुणाबाईच्या दोन म्हशी होत्या. गावात कुठेही बाळंतीण असली की दूध तिच्याकडून जायचं. तिच्या दुधात थेंबभर पाणी नसतं, हे लोक शपथेवर सांगायचे. एकदा फळ्यावर नाव लागलं आणि शपथा विरल्या. शेजारच्या बाळंतिणीच्या सासूने दुसऱ्याच दिवशी निरोप धाडला, उद्यापासून दूध नको.

चेअरमननी तिला बोलावून घेतलं. पुन्हा नाव लागलं तर डेअरी दूध घेणार नाही, म्हणाले. ती भांडली नाही, रडलीही नाही.

"मशीन राहू द्या बाजूला," ती म्हणाली. "माझं दूध चुलीवर ठेवा आणि साय किती धरते ते बघा."

चेअरमन म्हणाले, "बाई, पडद्याला ना नातं ना गोतं. तो खोटं कशाला दाखवील?"

याच चेअरमननी दहा-बारा दिवसांपूर्वी याच पडद्याला भिकारडा म्हटलं होतं. पण दुसऱ्यावर बोट दाखवायचं असलं की माणसाला भिकारडा साक्षीदारही चालतो. चूल कुणी पेटवली नाही.

संध्याकाळी गुलाब डेअरीत आला आणि दारालाच टेकून हसायला लागला.

"सचिव, माझं नाव विसरलास का रे? मी काही सुधारलेलो नाही बरं."

तो गेला आणि हौशीरामने पहिल्यांदा पडदा वाचला. गुलाबच्या जागी चांगुणाबाईचा फोल्डर होता. दहा दिवस गुलाबचं पातळ दूध त्या बाईच्या नावावर चढलं होतं. बाकीच्यांचेही आकडे इकडचे तिकडे झाले होते, पण पावतीच मिळत नसल्याने कुणाला कळलं नव्हतं.

बाहेर जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. मी नावं वाचली नाहीत. फळा पुसायला एक फडकं पुरलं असतं. पण डोळे बांधण्याची बढाई आडवी आली. गाव हसेल, सचिवपद जाईल. त्याने गुपचूप फोल्डर जुन्या जागी ओढले. पुढच्या खेपेला तिचे आकडे आपोआप बरोबर येतील, लोक विसरतील, असं त्याने स्वतःला समजावलं.

दहा दिवसांनी तिचे आकडे बरोबर आले. फळ्यावर पुन्हा गुलाब. तेव्हा चेअरमन सगळ्यांदेखत म्हणाले, "बघा, नाव लागलं की पाणी कसं बंद होतं ते." आणि रांगेने माना डोलावल्या. चांगल्या दुधानेच तिच्यावर शिक्का मारला.

हौशीरामला हे ऐकवेना. तो पुढे होऊन म्हणाला की चांगुणामावशीचं दूध तेव्हाही चांगलंच होतं, घोळ अपडेटने केला.

लोक हसले. प्रिंटर नाही तर अपडेट, तुला उशीर झाला तरी अपडेट, आता मावशीच्या पाण्यालाही अपडेटच का, असं एकाने विचारलं. कंपनीच्या डोक्यावर इतकी वर्षं इतकं काही फोडलं होतं की एवढं एक खरं असूनही कुणाला पटेना.

चांगुणाबाईने किटली खाली ठेवली.

"अपडेटने फोल्डर हलवले असतील," ती म्हणाली. "पण त्यांच्यावर नावं लिहिलेली होती ना? तुला वाचता येतं ना, हौशीराम?"

त्याने मान खाली घातली.

"मग तेवढं सांग यांना."

रांग बघत होती. हौशीराम मान वर न करता पुढच्याचं दूध मोजायला लागला. मग दूध न घालताच तिने किटली उचलली आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती कोसभर चालत पलीकडच्या गावच्या डेअरीत दूध घालायला लागली. हौशीराम आता एकेक नाव वाचतो आणि मगच आकडा भरतो. तिचं नाव तेवढं वाचायला उरलेलं नाही.

तात्पर्य: यंत्राची चूक बनवणारा आज ना उद्या दुरुस्त करील, किंवा करणारही नाही. आपली चूक मात्र आपल्याच तोंडाने आणि वेळेत दुरुस्त करावी लागते. उशिरा सांगितलेलं अर्धं खरं कुणाच्या कामाला येत नाही.