थोरलीला काढण्याचा हुकूम

संगणकावर कापडी झाकण घालायचे, त्या काळातली गोष्ट. एका कचेरीच्या संगणकात मराठी टायपिंगच्या एकाच सॉफ्टवेअरच्या तीन आवृत्त्या जावांसारख्या नांदत होत्या. धाकटी ऊठसूट थोरलीला टोमणे मारी, “जाऊबाई, किती दिवस जागा अडवून बसणार?” थोरली मनातून धास्तावलेली असे.

एके दिवशी वरून साहेबांचा हुकूम फ्लॉपीवर आला. कारकून शेडगेबाईंनी तो धाकटीकडे दिला. तिने झोकात उघडला, तर पडद्यावर नुसते चौकोन! मधलीने उघडला, तर अक्षरं गायब आणि वेलांट्या तेवढ्या लोंबकळताहेत.

“साहेब अजून जुन्यावरच टाइप करतात वाटतं,” असं पुटपुटत शेडगेबाईंनी थोरलीला हाक मारली.

थोरलीने पदर सावरून हुकूम उघडला. एक काना इकडचा तिकडे झाला नाही. पण हुकूम तिच्याच जिवावर उठलेला! ‘जुनी आवृत्ती निरुपयोगी असल्याने तत्काळ काढून टाकावी.’

“ऐकलंत ना? आवरा आता!” धाकटीने टाळ्या पिटल्या.

पण खाली आणखी एक ओळ होती. थोरलीने ती सावकाश वाचली. ‘हा आदेश कायम जतन करावा व मागताक्षणी उघडून दाखवावा.’

शेडगेबाईंनी कपाळाला हात लावला.

“धाकटे,” थोरली म्हणाली, “जरा सरकून बस.”