मैनाबाईची रिकामी आळी

उद्धवगिरी महाराज त्या वर्षी तांबवाडीस मारुतीच्या देवळात मुक्कामाला होते. गावची मैनाबाई साळीण त्यांची सेवा करी. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. परसात तिने अडुळसा, पानओवा, गवती चहा लावला होता. कुणाचे पोर खोकू लागले की आया तिच्याच दारी येत. ती पाला खुडून देई आणि महाराजांचे नाव घेई.

शेजारचे अंताजी देसाई मोठी असामी. त्यांच्या बागेला मोटेचे पाणी होते, पण तिकडे कुणी फिरकत नसे.

वैशाखात मैनाबाई बाजाराला सूत आणायला गेली. परतून पाहते तो सारी झाडे मुळासकट नाहीशी! झाडांभोवती पाण्यासाठी केलेली नुसती आळी उरलेली. ती तशीच देवळात जाऊन बसली.

"महाराज, पोटच्या पोरांसारखी वाढवली होती."

महाराज म्हणाले, "पाणी कधी घालतेस?"

"सकाळी."

"मग उद्या सकाळी घाल."

"कुणाला, महाराज? तिथं काही नाही."

"आळी आहेत ना, माय?"

मैनाबाईला काही उमगले नाही. पण महाराजांचा शब्द. ती रोज विहिरीवरून घागर आणून रिकाम्या आळ्यांत ओतू लागली. बायका तोंडाला पदर लावून हसत. देसाई कुंपणापाशी येऊन म्हणत, "मैने, खड्ड्यांना पालवी कधी फुटणार? तुझ्या गोसाव्याला विचार तरी." ती मान खाली घालून पाणी घालत राही. एका सकाळी मात्र तिचेही मन कच खाऊ लागले. घागर कडेवर घेऊन ती दारातच उभी राहिली. मग गेलीच.

त्याच दिवशी ती देवळात झाडलोट करीत असता देसाई धावत आले. डोईला पागोटे नव्हते.

"महाराज, आईची खोकल्याची उबळ थांबेना. वैद्यबुवा ओला अडुळसा मागतात. या उन्हात गावात कुठं पान नाही."

महाराज म्हणाले, "मैनाबाईच्या परसात आहे."

"आत्ताच पाणी घालून आले, महाराज," मैनाबाई म्हणाली. "माती तेवढी आहे."

"जाऊन पाहा."

दोघे गेले. आळ्यात कमरेइतका अडुळसा उभा होता, हिरवागार! मैनाबाईने हात जोडले. शेजारी देसाई खाली बसले.

"माझ्याकडं नेऊन लावली ती सगळी जळाली," ते पुटपुटले.

चोर कोण ते मैनाबाईला तेव्हा कळले. पानाकडे गेलेला तिचा हात थांबला. कुंपणापलीकडून म्हातारीची उबळ ऐकू आली. तिने पाला खुडला आणि देसायांच्या उपरण्यात ओंजळी भरभरून टाकला.

सायंकाळपर्यंत म्हातारीला उतार पडला. देसायांनी भरल्या देवळात येऊन महाराजांच्या पायांवर डोके ठेवले; मैनाबाईही तिथेच होती.

"एवढी बाग माझी, आणि लोक हिच्या दारी यायचे. ते बघवलं नाही. म्हणून गड्यांकडून हिची झाडं उपटवून नेली."

महाराज म्हणाले, "झाडं माझी नव्हती."

देसाई उठले आणि सगळ्यांदेखत मैनाबाईपुढे वाकले. तिने संकोचून पाय मागे घेतले.

"आईंना अजून काही दिवस रस द्या," ती म्हणाली. "पाला लागला तर हाक मारा."