नाव-फोटोवाले

मंगळवारी सकाळी अकरा वाजता नगरपालिकेच्या सभागृहात शहराच्या ऑनलाइन चर्चागटाबद्दल सभा भरली. नळाच्या गढूळ पाण्याबद्दल त्या गटावर कुणीतरी निनावी लिहिले होते.

"निनावी म्हणजे भित्रा!" नगराध्यक्ष दौलतराव घोरमाळे गरजले. "माझ्या बाजूचे बघा, नाव-फोटोसकट लिहितात. बाई, त्याचं नाव सांगा, नाहीतर गट बंद."

गट चालवणाऱ्या निवृत्त शिक्षिका इंदुमती केळशीकर यांना ठाऊक होते, नाव सांगितले की पाणीखात्यातल्या एकाची नोकरी जाणार.

"सांगते. आधी तुमच्या नाववाल्यांची हजेरी घेऊ, साहेब. गंगाराम तुपे!"

कुणी उठले नाही.

"पार्वती लोंढे!"

मागून एक बाई म्हणाली, "ती माझी सासू. जाऊन दोन वर्षं झाली हो."

"साहेब, माझा निनावी निदान श्वास घेतोय. तुमचा एक तरी नाववाला जिवंत आणा, मग नाव मागा."

तेवढ्यात सगळ्यांचे मोबाइल वाजले. पार्वती लोंढे यांनी फोटोसकट गटावर लिहिले होते, "साहेबांचं बरोबर आहे."

सभा तिथेच मोडली. नाव गुप्तच राहिले.

पार्वतीबाईंचा तो फोटो घरच्यांनी एकदाच दिला होता, नगरपालिकेत, पेन्शनच्या अर्जावर चिकटवून. तो तिथून बाहेर कुणी काढला, हे मी शहरातला एक रहिवासी म्हणून नगरपालिकेला आठ वेळा लेखी विचारले आहे. उत्तर आलेले नाही.