बुवांची पट्टी

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंना सांभाळून घ्यायला निघाला. हेतू चांगला होता, हे आधीच सांगून टाकतो; कारण पुढे जे घडले त्यात हेतू फारसा कामी आला नाही.

गुरू म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे ख्यालगायक बुवा. शिष्य हृषीकेश, पस्तिशीचा, संगणकात तरबेज. मैफलीत तो बुवांच्या मागे बसे, एका हाती तानपुरा आणि समोर टॅबलेट. कोपऱ्यातल्या लॅपटॉपवरचे ध्वनीचे सॉफ्टवेअर तो त्या काचेवर बोट फिरवून चालवी. बुवा कौतुकाने म्हणत, "आमचा हृषी काचेवर रियाज करतो!"

गेल्या वर्षापासून बुवांचा वरचा सा किंचित खाली राहू लागला. हृषीकेशला ते ऐकवेना. त्याने टॅबलेटवर एक सरकती कळ बसवून घेतली. बुवा वर चढू लागले की ती हळूच वर न्यायची. उतरलेला सूर यंत्रातून जागेवर बसूनच बाहेर पडे. श्रोत्यांना, आणि समोरच्या स्पीकरमधून खुद्द बुवांनाही, तो सच्चाच ऐकू येई. अशा सहा मैफली झाल्या. लोक म्हणत, "या वयात काय हा सूर!" त्या वाहवेतला थोडा वाटा हृषीकेश मनातल्या मनात स्वतःकडे घेई.

सातव्या मैफलीत बुवा नेमके वरच्या सा वर असताना वीज गेली. चार-पाच क्षणच, पण तेवढ्यात बुवांचा उघडा आवाज सभागृहात ऐकू आला. सा खाली होता. पेटीवाल्याने मान खाली घातली. वीज आली आणि सूर पुन्हा जागेवर बसला. बुवांनी एकदा मागे वळून टॅबलेटकडे पाहिले आणि गाणे पुरे केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हृषीकेश सर्दीने बेजार होऊन शिकायला आला, तर बुवांनी भलतेच फर्मावले.

"तुझं यंत्र जोड. आज तू पुढे बसून गा, मी मागे बसतो. काय कुठे आहे तेवढं दाखव."

हृषीकेशने आवाजाची कळ दाखवली, घुमाऱ्याची दाखवली. ती एक कळ मात्र दाखवली नाही. मग तो गाऊ लागला. घसा बसलेला, तरी वरचा सा असा लख्ख लागला की त्याचाच विश्वास बसेना.

"बुवा, सर्दीतही लागला!"

"लागला ना? मलाही सहा मैफली असंच वाटत होतं." बुवांनी टॅबलेट त्याच्यासमोर धरला. कळ पार वर होती. "काल वीज आल्यावर तुझं बोट कुठे होतं ते पाहिलं मी." त्यांनी कळ खाली ओढली. "आता पुन्हा गा."

फाटका, खाली घसरलेला आवाज खोलीभर झाला. हृषीकेशचे तोंड उतरले.

"चुकलो, बुवा. लोकांत तुमची फजिती नको, म्हणून..."

"फजिती काल झाली आणि मी सोसली," बुवा शांतपणे म्हणाले. "पण अरे, माझा सा उतरलाय हे मला सांगणार कोण? माझा कानच ना? त्या कानालाच तू फसवलंस. चाळीस वर्षं मी पेटीवरच्या काळी एक या पट्टीत गातो आहे. गळा थकला की गवई पट्टी उतरवतो, अर्धा सूर खाली पांढरी एकमध्ये गातो. आमच्या गुरूंनी तर मंचावर सांगून उतरवली होती. त्यात कसली आलीय लाज? मला लाज वाटलीच नसती, हृषी. माझ्या आवाजाची लाज तुला वाटली."

हृषीकेशला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ज्या आवाजाने त्याला सा शिकवला, त्याच आवाजावर तो वर्षभर पांघरूण घालत आला होता. बुवांनी त्याची समजूत काढली नाही. एवढेच म्हणाले, "तानपुरा घे. अर्धा सूर खाली लाव."

पुढच्या मैफलीत बुवांनी आरंभीच हात जोडले. "मंडळी, आजपासून आमची पट्टी पांढरी एक." वरचा सा आला तो बारीक, थोडा थरथरणारा, पण आपल्या पायांवर उभा. पुढे एकदा तो घसरलाही. बुवांनी तो ऐकला, क्षणभर थांबले आणि पुन्हा चढून जागेवर बसवला.

"ऐकलंस?" मागे न वळता त्यांनी विचारले.

"ऐकलं, बुवा," हृषीकेश म्हणाला. त्याचे दोन्ही हात तानपुऱ्यावर होते आणि मान अजून वर होत नव्हती.