खांबाला बांधलेली किल्ली

एकदा एक वृद्ध हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेने बिनतारी संदेश पाठवणारे, आपल्या शिष्येला घेऊन घाटमाथ्यावर गेले. त्या डोंगरात मोबाइल लागत नाही; म्हणून पदभ्रमणाला निघालेल्या तुकडीशी संपर्क ठेवण्याचे काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतले होते. तुकडीत शिष्येची धाकटी बहीण ऋता होती.

वृद्धांची गाडी म्हणजे फिरते घरच. झोपायला बाक, चहाला शेगडी आणि टेबलावर रेडिओ. शिष्येने एक पोलादी पट्टी जमिनीवर ठेवून मागचे चाक तिच्यावर चढवले. पट्टीच्या बाहेरच्या टोकाला अँटेनाचा खांब बसवायचा. गाडीच्या वजनाने तो उभा राहतो. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा तो खांब उंच करण्याआधी वृद्धांनी एक विचित्र कृती केली. गाडीची किल्ली काढून त्यांनी सर्वांत वरच्या नळीला घट्ट बांधली आणि खांब वर सरकवला. किल्ली तीस फुटांवर जाऊन बसली.

"अहो सर, तातडीनं निघायचं झालं तर?"

"तर आधी खांब उतरवू," एवढेच ते म्हणाले.

शिष्या बुचकळ्यात पडली. उतारवयात माणसाला काय सुचेल याचा नेम नाही, असे तिला वाटले. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले असते.

दुपारी रेडिओ खरखरला. "ऋता घसरली. पाय मोडलाय. देवळाच्या वाटेनं खाली..." पुढे नुसती खरखर. शिष्या धावत जाऊन स्टिअरिंगपाशी बसली. किल्ली कुठे होती? ती रडकुंडीला आली. "तुमच्या या खुळापायी माझी बहीण तिकडे तळमळतेय!"

वृद्ध रेडिओला कान लावून बसले होते. मिनिटभराने पुन्हा आवाज आला. "...वाट बंद आहे. दरड पडलीये. पलीकडे धनगरवाड्यात उतरतोय. तिकडे या."

देऊळ डोंगराच्या या अंगाला, धनगरवाडा त्या अंगाला. दोघे खांब उतरवू लागले.

"मी एकदा अर्धाच निरोप ऐकून निघालो होतो," वृद्ध म्हणाले. "खांब मोडला, त्याचं काही नाही. पण ज्याच्यासाठी धावलो तो दुसऱ्याच वाटेवर माझी वाट पाहत राहिला. किल्ली हाताशी असली की मला ऐकू येत नाही, पोरी. म्हणून ती बांधतो."

"आणि निरोप तिथंच संपला असता तर?"

"तर उशीर झाला असता. तू मला कधी माफ केलं नसतंस. तेही मी धरून चालतो."

याला शहाणपण म्हणावे की नशीब, हे शिष्येला कळेना. तिने किल्ली सोडवली आणि गाडी धनगरवाड्याकडे घेतली.

तिथे ऋता घोंगडीवर पडली होती. बहिणीला पाहताच ती रडत म्हणाली, "ताई, चूक माझीच होती..." शिष्येच्या ओठांवर रागाचे शब्द आले होते. ती ऋताजवळ मांडी घालून बसली, तिचा हात हातात घेतला आणि तिचे सगळे सांगून होईपर्यंत काही बोलली नाही.